आईचा शर्ट, बाबांचं काजळ

आमच्या घरात कपड्यांचं कपाट एकच होतं आणि त्यात वरचा कप्पा तुझा, खालचा माझा असली भानगड नव्हती. दार उघडायचं, हाताला येईल ते अंगात घालायचं आणि कामाला लागायचं. बाबांचे शर्ट आई घालायची. आईची पावडर बाबा लावायचे. माझा गुलाबी स्वेटर धाकट्या भावानं तोकडा होईपर्यंत वापरला आणि बाबांचा दुपट्टा मी ओढणी म्हणून कॉलेजात नेला. यात काही वेगळं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आर्वीहून आष्टीकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव आहे. कापूस वेचायला जाणारी प्रत्येक बाई आमच्याकडे साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवते. उन्हानं हात भाजत नाहीत आणि बोंडांच्या वाळक्या टोकांनी ओरबाडलेही जात नाहीत. संध्याकाळी घरी आलं की बाया तो शर्ट खुंटीला अडकवतात. आमची आई अडकवायची नाही. त्याच शर्टात स्वयंपाक, त्यातच शेजारीपाजारी. पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं, की शर्टाच्या आतलं ब्लाउज कुणाला दिसतच नाही.

"मंग कायले घालू? हुकं लावत बसायले मले टाइम हाय काय?"

झालं. त्या दिवसापासून साडी आणि शर्ट. वरपर्यंत बटणं लावलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात सुपारीची डबी आणि मोबाइल. मंदिरात तशीच, बाजारात तशीच, माझ्या शाळेतल्या पालकसभेलाही तशीच. खिसा नसलेला कपडा घालणाऱ्या बायांची तिला मनापासून कीव यायची.

बाबा मात्र शौकीन. आष्टीच्या बाजाराला निघायचं म्हटलं की त्यांची तयारी आईपेक्षा जास्त वेळ चालायची. आंघोळ, डोक्याला खोबरेल, मानेला पावडर, आणि शेवटी काजळ. हे काजळ आई घरी धरायची, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी घालून. "डोळे थंडे राह्यते," असं बाबा म्हणायचे. डोळे थंड ठेवायला आरशात आधी डावीकडून आणि मग उजवीकडून कशाला पाहावं लागतं, हे मी कधी विचारलं नाही. दिसायचे मात्र देखणे. एकदा बैलानं पायावर पाय दिला आणि अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलं. मी त्यावर माझी लाल नेलपॉलिश लावून दिली. त्यांनी पाय लांब करून पाहिला आणि म्हणाले, "एकच कसं दिसते बाई? बाकीच्यायलेही लाव." त्या वर्षी आमच्या बाबांनी लाल नखांनी निंदण केलं.

एका हिवाळ्यात त्यांचे ओठ फुटले होते आणि व्हॅसलीन संपलं होतं. ते माझी मरून लिपस्टिक लावून गावच्या सेवा सोसायटीच्या मीटिंगला गेले. कुणीतरी विचारलं, पान खाल्लं काय? "नाई बा, लिपस्टिक हाय." त्यावर दोघांनी विचारलं, फुटल्या ओठाले फरक पडते काय? दुसऱ्या दिवशी ते दोघं आमच्या अंगणात उभे. माझी लिपस्टिक निम्मी झाली तेव्हा मी ती शाळेच्या दप्तरात लपवली.

मी आता वर्ध्याला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. गडद लिपस्टिक लावते, पुरुषांच्या दुकानातले शर्ट घालते आणि कुणी वळून पाहिलं तर मीही पाहते. शहरात आल्यावर मला कळलं की घड्याळ लेडीज असतं, छत्री लेडीज असते. रुमालसुद्धा! नाक पुसण्यात कसला आलाय लेडीज-जेन्ट्स, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

भावाला मात्र ते लवकर उमगलं. तो पुण्याला शिकला, तिथेच कंपनीत लागला. गुणी पोरगा, पगार घरी पाठवणारा, आईला रोज फोन करणारा. पण घरी आला की कपाटासमोर उभा राहून निवडल्यासारखे कपडे वेगळे करायचा. हे बाबांचे, हे आईचे. तो गेला की आम्ही पुन्हा एकत्र करायचो.

मग त्याचं लग्न ठरलं. मुलगी सेलू तालुक्यातल्या हिंगणीची. माणसं चांगली, हसतमुख. बस्ता बांधायला आम्ही दोन्ही घरं वर्ध्याच्या एका मोठ्या दुकानात जमलो. खाली जेन्ट्स, वर लेडीज. विहीणबाई, त्यांच्या दोन जावा आणि नवरी वर गेल्या. आमचे बाबाही त्यांच्यामागोमाग वर गेले. आई खालीच राहिली.

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होते, त्यामुळे दोन्ही मजले मला दिसत होते. खाली आई एका पांढऱ्या शर्टाचं कापड दोन बोटांत चोळून पाहत होती.

"माह्या साइजचा दाखव बापू."

"काकांसाठी काय?" सेल्समन म्हणाला.

"काकाले कायले? मले."

वर बाबांनी मोरपंखी साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला होता आणि नवरीच्या काकूला विचारत होते, "माह्या रंगाले उठून दिसते का नाई? याचं जाकीट शिवतो म्हणतो." काकू तोंडाला पदर लावून हसत होती. विहीणबाई हसत होत्या. नवरी तर खाली बसूनच हसत होती आणि म्हणत होती, "बाबा, हिरवंही टाकून पाहा ना." मला तरी त्यात काही वाईट दिसलं नाही. पण भावाचे कान लालबुंद झाले होते आणि तो भिंतीवरचे पंखे पाहत होता.

पाहुणे गेल्यावर त्यानं मला रसवंतीवर नेलं. बर्फ विरघळेपर्यंत ग्लासला हात लावला नाही.

"ताई, एक दिवस. फक्त लग्नाच्या दिवशी. आईले ब्लाउज घालाले लाव. अन् बाबाले म्हण, काजळ नको."

माझं डोकंच फिरलं. "तुह्या फीचे पैसे आणाले आई थोच शर्ट घालून गेलती," मी म्हणाले. "तवा चाललं काय तुले?" मी आणखीही बरंच बोलले. रसवाल्यानं चरक थांबवला.

भावानं ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात तो घरच्यासारखं काजळ लावून जेवायला गेला होता. पुढचं वर्षभर त्याला कुणी त्याच्या नावानं हाक मारली नाही. काय म्हणायचे ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "लोक हासते ताई. तुले नाई मालूम कसे हासते."

माझा राग गेला नाही, पण मी आवाज खाली आणला. "मी नाई सांगत. तूच सांग," एवढं मात्र मी बजावलं.

त्यानं सांगितलं. आई तूर पाखडत होती. तिनं सूपही खाली ठेवलं नाही.

"घालतो ना बापू. एवढ्यासाठी ताईले रस पाजला काय?"

बाबांनी मान हलवली आणि काजळाची डबी देवघरात नेऊन ठेवली. मला वाटलं होतं आई भांडेल, निदान टोमणा मारेल. ती इतक्या पटकन हो म्हणाली की मलाच रडू आलं. लेकाच्या लग्नात तिला त्याच्या मनासारखं दिसायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

ब्लाउज आर्वीच्या बुटिकमध्ये शिवलं. कोपरापर्यंत बाह्या, आत अस्तर, पाठीला लटकन. लग्नाच्या सकाळी ते चढवायला मी, आत्या आणि मावशी अशा तिघी लागलो. मावशीनं गुडघा टेकवून शेवटचं हूक लावलं तेव्हा आई म्हणाली, "आता श्वास हिंगणीलेच घ्याचा काय?" आम्ही हसलो. तीही हसली, पण बेतानं. बाहेर बाबा नवा सदरा घालून उभे होते. काजळ नसलेले त्यांचे डोळे इतके बारीक दिसत होते की पाहुणे येऊन विचारत होते, ताप आलता काय?

आमच्याकडे वऱ्हाड निघण्याआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो. निघताना आई त्याला कुंकू लावते, ओवाळते, आणि मग घोडं हलतं. भाऊ घोड्यावर बसला. मोतिया रंगाची शेरवानी, गळ्यापर्यंत ताठ कॉलर, डोक्यावर फेटा. बँड जोरात होता. मी ताट घेऊन आईच्या बाजूला उभी राहिले.

आईनं बोट कुंकवात बुडवलं आणि हात वर नेला. हात खांद्याशी येऊन थांबला. तिनं टाचा उचलल्या, पुन्हा हात नेला. पुन्हा तिथेच. काखेतलं कापड तिला वर जाऊच देईना.

"वर घ्या ना बाई, वर!" बाया ओरडल्या.

"खाली वाक बे!" बाबा भावाला म्हणाले.

भाऊ वाकायला गेला. कॉलर गळ्यात रुतली, फेटा पुढे घसरला, घोडं बाजूला सरकलं. त्यालाही वाकता येईना. दोघांच्या मधे हातभर जागा उरली आणि ती काही केल्या भरेना. शेवटी आईनं हात जिथे पोहोचत होता तिथे कुंकू लावलं. गुडघ्यावर. मग अक्षता उडवल्या, त्या तिच्याच डोक्यावर पडल्या.

बाया खदखदून हसल्या. आईही हसली. "चला, पोचलं," ती म्हणाली. पण ती वर पाहत होती, आणि तिचा चेहरा मला पाहवेना.

भाऊ हसला नाही. गुडघ्यावरच्या त्या लाल ठिपक्याकडे पाहत बसला. मी ओला रुमाल घेऊन पुसायला गेले तर त्यानं पाय मागे घेतला. मग बँडवाल्याला हात केला. गाणं मधेच बंद पडलं आणि सगळी गल्ली त्याच्याकडे पाहू लागली. घोडेवाल्याचा खांदा धरून तो खाली उतरला आणि म्हणाला, "आई, घरात चाल."

त्यानं पुण्याची बॅग उघडली. दुसऱ्या दिवशी सासरी घालायला घेतलेला आकाशी शर्ट काढला, दातांनी लेबल तोडलं आणि आईच्या हातात दिला.

"घाल."

"अरे, पाहुणे काय म्हणतीन?"

"तुहा हात माह्या कपायापर्यंत येत नाई अन् तू पाहुण्यायचं काय घेऊन बसली?" आणि तो बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला.

मी हुकं सोडली. आईच्या पाठीवर, काखेत लाल वळ उठले होते. मी बुटिकवालीला शिव्या देत होते आणि रडत होते. आई म्हणाली, "तिनं मापात शिवलं बापा. मीच मापात नाई." शर्ट तिला ढगळ झाला. तिनं बाह्या दुमडल्या, पदर नीट केला आणि सवयीनं सुपारीची डबी खिशात टाकली.

बँड पुन्हा सुरू झाला. भाऊ पुन्हा घोड्यावर. आईचा हात या वेळी सरळ वर गेला, फेट्याच्या कडेपर्यंत. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, आणि हात पोहोचतोच आहे म्हणून त्याच्या गालांवरूनही फिरवला. कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

"थांबा थांबा!" बाबा देवघरातून पळत आले. हातात डबी. "नवरदेवाले काजळ लागतेच. रीत हाय." रीत आहे ती नवरदेवाला लावायची. त्यांनी आधी स्वतःला लावलं. घोड्याच्या झुलीला छोटे आरसे होते. त्यात वाकून आधी डावा डोळा, मग उजवा. मग रिकिबीत पाय देऊन वर चढले आणि भावाच्या डोळ्यांत बोट फिरवलं. भावाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"रडू नोको बे, फिसकटन!" बाबा ओरडले.

फिसकटलंच. हिंगणीच्या मांडवात आमचा नवरदेव गालांवर काळे ओघळ आणि गुडघ्यावर कुंकू घेऊन पोहोचला. नवरीनं अंतरपाट बाजूला होताच त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि हसू आवरायला हार तोंडासमोर धरला.

लग्न लागल्यावर पंगती बसल्या. आई वरमाय असूनही बायांच्या पंगतीत बाह्या सरसावून बुंदी वाढत होती. नवरीकडचे कुणी दूरचे मामा भावाशेजारी येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, थ्या शर्टवाल्या बाई कोण होय?"

मी जवळच होते.

"माही आई होय," भाऊ म्हणाला. "अन् शर्ट माहा हाय."

हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की पंगतीतल्या बाया वळल्या. आईनं बुंदीचं घमेलं कमरेवर घेतलं आणि तिकडूनच विचारलं, "काऊन रे, वापस पाहिजे काय?"

"नाई," तो म्हणाला. "राहू दे. तुलेच चांगला दिसते."