बाईंच्या स्पीकरवरची स्तुती

आई गेल्यावर दोन वर्षं मी देवापुढे हात जोडले, पण मागितलं काही नाही. मागायला तोंडच नव्हतं मला. आई धवलेरी होती. आमच्यात लग्न धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जात असताना ती गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलावते. आई म्हणायची, "बस माझ्या मागं, उघड तोंड. माशी नाही जायची आत." मी लाजून चुलीकडे पळायचे. चार माणसांत माझा आवाजच फुटत नसे. पुढच्या वर्षी शिकू, पुढच्या वर्षी शिकू, असं म्हणता म्हणता आई गेली.

या उन्हाळ्यात जामसरला बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि धवलेरी मिळेना. बहीण म्हणाली, "तू आईची लेक ना? मग गा तूच." मी रोज आठवायला बसायचे. पहिल्या देवाचं नाव यायचं, पुढे सगळं कोरं.

जव्हारला मी एका निवृत्त नर्सबाईंकडे स्वयंपाक करते. त्या वसईच्या, ख्रिस्ती. एका सकाळी त्यांनी स्पीकर लावला आणि कोणा बाईचा इतका उंच आवाज आला की मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले.

"कोण मेलं हो बाई?"

"कोणी नाही गं! देवाची स्तुती आहे, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची. अशा आवाजाला सोप्रानो म्हणतात."

"पण एवढ्या वर जाऊन?"

"तुझे देव इथेच डोंगरावर राहतात. आमचा आभाळात, त्याला ऐकू जायला नको?"

मी हसले आणि भाकरी थापायला बसले. स्पीकरवरची बाई एकच शब्द फिरवून फिरवून गात होती. मध्येच थांबून तिने श्वास घेतला, तो मला ऐकू आला. आई असाच श्वास घ्यायची, एका देवाचं नाव संपवून दुसऱ्याचं घेण्याआधी. मी काही आठवत नव्हते, भाकरी तव्यावर टाकत होते, आणि माझ्या तोंडून पुढचं नाव निघालं. मग त्याच्या पुढचं. भाकरी करपली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

जामसरला मी गायले. मान खाली घालून, पण गायले. पाच देवांना बोलावता आलं. आई गायची तेव्हा मांडवात मावणार नाहीत इतके देव यायचे. बाकीच्यांची नावं तिच्याबरोबर गेली. त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली, नावं न घेताच. जे आले ते माझ्या आठवण्याने आले नाहीत, कोणीतरी आणून दिले. दिलं तेवढं ओंजळीत घ्यावं, हे आता कळतं, आणि मी घेते. पण एकदा तरी आईच्या मागे बसायला हवं होतं.