खुर्ची बाहेर

कचेरीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की कडूताई. कारण एवढंच, की अर्जदाराने आणलेला चहा ती घेत नसे. स्वतःच्या पैशाने मागवलेला चहासुद्धा अर्जदारासमोर पीत नसे, उगाच त्याला आशा नको.

तिचं टेबल निवृत्त अधिकाऱ्यांचं. सरकारी नोकरी संपल्यावर कुणाला खाजगी कंपनीत जायचं असेल, तर पहिली दोन वर्षं इथून परवानगी घ्यावी लागे. ज्या कंपनीचं काम तुमच्या हातून गेलं, तिच्याच दारात पगाराला उभं राहायचं नाही, असा नियम. नियम एका वाक्यात मावणारा, पण त्यातून वाट काढायला आलेल्यांनी जिना भरलेला असे. काल ज्यांना बघून शिपाई ताठ व्हायचा, ते आज बाकावर पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसलेत, हा मजल्यावरचा फुकटचा तमाशा होता. कडूताई तो बघत नसे. न बघायलाही तिला साहेबांनीच शिकवलं होतं.

साहेब म्हणजे तिचे साहेब. बाकीचे नुसते अधिकारी. वडील नोकरीत असताना गेले आणि त्यांच्या जागी ती लागली, तेव्हा तिला फाइलचा दोरा बांधता येत नव्हता. भलतीच गाठ मारायची आणि सोडवताना रडायची. साहेबांनी गाठीपासून शिकवलं. पुढे रविवारी घरी यायला लागले. आईशी गप्पा मारता मारता भिंतीवरचं घड्याळ उघडून बसायचे आणि जरासं मागे पडणारं घड्याळ पार बंद करून जायचे. आई म्हणायची, असू दे, माणूस तरी वेळेवर येतो ना.

एकदा साहेबांच्या मेव्हण्याचाच अर्ज आला. साहेब उठले, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. माझा माणूस आहे, मी आत नाही, म्हणाले. काम होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात तिथेच. ती तेव्हा नवी होती. घरी जाऊन तिने आईला हे दोनदा सांगितलं होतं. तेव्हापासून कचेरीत रीतच पडली. ओळखीचा अर्ज आला की खुर्ची बाहेर, आणि काम शेजारच्या टेबलावर.

साहेब पुढे बढतीवर पाणीखात्यात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. निवृत्ती काही त्यांना मानवली नाही. बायको सांगायची, सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात, दूधवाल्याकडे उशिराचा खुलासा मागतात आणि तो तोंडी दिला तर चालत नाही. सगळे हसायचे. कडूताईही हसली होती.

मग त्यांचा अर्ज आला. पाइप बनवणारी एक कंपनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावत होती. शहरभर पाइप घालायचं काम साहेबांनीच त्या कंपनीला दिलेलं. त्यासाठी चौकशीची गरज नव्हती, रस्ते अजून खणलेलेच होते.

तिला वाटलं, साहेबांच्या ध्यानात आलं नसेल. मग वाटलं, मला पारखून बघताहेत. काही असो, तिने खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेली. तिथे बसल्या बसल्या तिची छाती अभिमानाने भरून आली. साहेबांचा अर्ज साहेबांच्याच रीतीने नाकारला जाणार, आणि ते म्हणणार, शाब्बास पोरी.

शेजारच्या टेबलावर मामा. नात्याने कुणाचेच नव्हेत, पण अख्ख्या कचेरीचे मामा. दुपारपर्यंत त्यांनी काम हातावेगळं केलं आणि पान रंगल्यासारखे खुशीत बाहेर आले.

"झालं तुझं काम, ताई. हरकत नाही असं लिहून मॅडमकडे पाठवलंय. सही तेवढी राहिली."

हरकत कशी नाही, तिने विचारलं. मामांना प्रश्नच कळेना.

"तू खुर्ची बाहेर काढलीस ना? म्हणजे माणूस आपला. साहेबांच्या मेव्हण्याच्या वेळी काय झालं होतं मग?"

काय झालं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिने विचारलंच नव्हतं. तिने खुर्ची तेवढी बघितली होती. मामांनी सांगितलं, लगेच मंजूर. साहेब भर व्हरांड्यात बसलेत म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप होती?

दुसऱ्या दिवशी साहेबच आले. सही व्हायची होती, म्हणून ती अजून बाहेरच बसलेली. जिना चढून त्यांना दम लागला होता, पण दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. निवृत्तीनंतर प्रथमच ते साहेबांसारखे दिसत होते.

"तू खुर्ची काढलीस हे ऐकलं आणि जीव भांड्यात पडला बघ," ते म्हणाले. "घरी बसून मेलो असतो गं मी, पोरी."

"साहेब, मेव्हण्याच्या वेळी तुम्हाला माहीत होतं? तुम्ही बाहेर बसलात की आत काय होणार ते?"

साहेब हसले. ओशाळून नाही. ती चुकीची गाठ मारायची तेव्हा हसायचे, तसं मायेने.

"एवढी वर्षं नोकरी केलीस आणि हे मला विचारतेस?"

ओशाळले असते, तर तिने मनाची कशीतरी समजूत घातली असती.

ती उठली. खुर्ची आत नेऊन टेबलाशी लावली आणि मॅडमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "साहेब माझे आहेत. तरी मी बाहेर बसणार नाही. पाइपांचं काम त्यांच्याच हातून गेलंय. परवानगी देऊ नका."

 मॅडमनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.

दार उघडंच होतं. साहेबांनी सगळं ऐकलं. ते जिन्याकडे वळले आणि कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागले. पुढे होऊन हात द्यावा असं तिला फार वाटलं. ती जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

आता तिला तोंडावरही कडूच म्हणतात. मामा तर तेवढंही म्हणत नाहीत.

घरी घड्याळ पुन्हा मागे पडायला लागलंय. दुरुस्तीला टाकू म्हटलं तर आई ऐकत नाही, साहेब बघतील म्हणते. गेल्या रविवारी तिने विचारलंच, बरेच दिवस फिरकले नाहीत, कामात आहेत का?

"नाही, आई. काम नाहीये त्यांना."

"मग येतीलच," आई म्हणाली आणि पुढच्या दाराची कडी काढून ठेवली.