वच्छलाबाईंचा डावा पाय

वच्छलाबाई पायाळू. लासूर स्टेशनजवळच्या वाडीवर डोक्याआधी पाय बाहेर काढून जन्मल्या, आणि त्या पायांना तेव्हापासून जो मान मिळाला तो जावयालाही मिळत नाही. मुकुंदवाडीत सासरी आल्यावर सकाळी दार उघडावं तर कुणीतरी कंबर धरून उभंच. उसण भरलेल्यानं ओट्यावर पालथं पडायचं, बाईंनी डाव्या पायाचा अंगठा पाठीला नुसता टेकवायचा. रिक्षावाला असो की मास्तर, उठताना पाया पडायचा आणि बाईंची मान जरा ताठ व्हायची. खोटं कशाला सांगा, जरा नव्हे, चांगलीच.

शेजारचा कडुबा खिडकीत कूलर चढवताना शिडीवरून पडला. रात्र त्यानं कण्हत काढली आणि सकाळी लोकांनी त्याला उचलून बाईंच्याच ओट्यावर आणलं. गल्ली जमली होती. बाईंनी नेहमीसारखा अंगठा टेकवला.

"काकू, फरक पडंना. जोर लावा," तो म्हणाला.

एवढ्या लोकांत आपला पाय फुकट जातो की काय, या धास्तीनं बाई अख्ख्या वजनानिशी त्याच्या पाठीवर उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत त्याचा एक पाय बधिर झाला.

बाईही त्याच्यासोबत दवाखान्यात गेल्या. तिथे डॉक्टर विशाखांनी प्लॅस्टिकचा कणा पुढे ओढला. "मणक्यांची ही मागची टोकं. त्यांच्यावरून मानेखालून कंबरेपर्यंत हा पट्टा जातो, लिगामेंट. आपण वाकलो की हा ताणला जातो आणि मणक्यांना आवरून धरतो. यांचा फाटलाय. मणका सरकला तर नस दबते. पडल्यानंतर कुणी पाठ दाबली, तुडवली? खरं सांगा, पुढचं त्यावर ठरेल."

म्हणजे मेंढराचं दावंच की, बाईंच्या मनात आलं. ते तुटलं होतं आणि आपण वर उभ्या राहिलो.

कडुबानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाय मॅडम. कुणीच नाय."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

"मी उभी राह्यले व्हते," त्या म्हणाल्या. "ह्या पायांनी."

डॉक्टर रागावल्या नाहीत. कुठे, किती वेळ, एवढं विचारून ऑपरेशनची तयारी करायला घाईनं निघून गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोसवलं असतं.

कडुबानं हळूच त्यांचा हात धरला. "काकू, कशाला सांगितलं? गुण येतच व्हता. मीच रात्र दवडली, उशिरा आलो. घरी आलो का परत एकदा पाय ठेवा."

बाईंनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.