देवाघरी हा ग्रुप नाही

वडील गेले तेव्हा मी एकटीच नागपूरला जाऊन आले. लंडनजवळ हॅरोला घरी परतल्यावर सहा वर्षांच्या मुलीला एवढंच सांगितलं, "आजोबा देवाघरी गेले." तिनं मान हलवली आणि मीही विषय तिथेच सोडला.

पुढे तिच्या शाळेत वस्तूंचे तीन गट शिकवले: जिवंत, मेलेलं आणि कधीच जिवंत नसलेलं. त्या शनिवारी ती स्वयंपाकघरात गट पाडत फिरली. स्टीलचा डबा 'नेव्हर अलाइव्ह'. पोळपाट आधी झाड होतं, म्हणून 'डेड'. कोथिंबिरीपाशी मात्र अडली. "कापलीये, पण ग्लासातलं पाणी पितेय ना, आई?" दह्यात जिवंत बॅक्टेरिया असतात म्हटल्यावर तिनं हातातला चमचा हळूच खाली ठेवला.

मग ती माझ्या वडिलांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मी लाटणं हातात घेऊनच तिच्यामागे गेले.

"आजोबा डेड आहे," ती म्हणाली.

"देवाघरी गेलेत, बाळा."

"देवाघरी हा ग्रुप नाहीये." आवाजात उद्धटपणा नव्हता, उत्तर चुकू नये एवढीच काळजी होती. "मिस म्हणाली, डेड म्हणजे आधी अलाइव्ह असायलाच पाहिजे. आणि अलाइव्ह म्हणजे खातं, चालतं, वाढतं. आजोबा काय खायचा?"

"खायचे," मी सवयीनं सुधारलं आणि सोफ्यावर बसले. "तर्री पोहे. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

"चालायचा?"

"भरभर. बाजारात मला मागे पळावं लागायचं."

"आणि वाढायचा?"

"म्हातारपणी उलट बुटके झाले."

ती खळखळून हसली. मी रडत होते, पण ती घाबरली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पुढचा प्रश्न विचारत राहिली. 'देवाघरी' म्हटलं की बोलणं संपायचं. 'मेले' म्हटल्यावर मात्र त्यांचं सगळं जगणं सांगावं लागत होतं.

रविवारी आईचा फोन आला. वडील गेल्यापासून ती फक्त बीपी आणि उकाड्याबद्दल बोलायची. मुलीनं फोन घेऊन थेट विचारलं, "आजी, आजोबा अलाइव्ह होता तेव्हा काय करायचा?"

 मी फोन काढून घेणार, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, लग्नात अंतरपाट दूर झाला तरी हार हातात धरून नुसते उभे! भटजी ओरडले तेव्हा कुठे..." आणि ती हसायला लागली.

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मी स्पीकर लावला आणि मुलीशेजारी जमिनीवर बसून ऐकत राहिले.