माल्टात भांडण गातात

स्टॅनस्टेड विमानतळाच्या गेटवरच पहिलं भांडण झालं. माझी बॅग त्या पिंजऱ्यासारख्या मापात बसत नाही, असं तिथली मुलगी म्हणाली. मी बॅगेवर गुडघा रोवून ती बसवून दाखवली.

"अहो, प्लीज, इथे नको. सगळे बघतायत," सुनंदा म्हणाली.

लोक बघतात म्हणून मी आजवर काही सोडलेलं नाही. लंडनमधल्या इल्फर्डच्या रस्त्यावर टेबल मांडून स्टीलची भांडी विकायला सुरुवात केली, तेव्हाही लोक बघतच होते. आज त्याच रस्त्यावर माझं दुकान आहे, आणि ते मला कुणी दिलेलं नाही.

माल्टा ही सुनंदाची निवड नव्हती. त्या शनिवारी स्टॅनमोरला माझ्या धाकट्या भावाच्या, अविनाशच्या मुलीचा साखरपुडा होता. आमंत्रण आलं आणि त्याच संध्याकाळी मी समोर दिसली ती तिकिटं काढली. तीन वर्षांपूर्वी आई कराडला वारली. अविनाश तेव्हा तिथेच होता. मी मिळेल त्या विमानाने निघालो आणि मुंबईला उतरून फोन चालू केला, तर त्याचा निरोप होता: सगळं उरकलं. अग्नी त्याने दिला याचं दुःख नाही, आईला अग्नी धाकट्यानेच द्यायचा असतो. पण थोरला वाटेत आहे हे माहीत असताना थांबायचं असतं. तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

विमान खाली येऊ लागलं, तेव्हा खिडकीतून बेट दिसलं: भोवती निळं पाणी आणि मध्ये भाजलेल्या भाकरीच्या रंगाची जमीन. घरं, चर्च, तटबंदी, शेतांचे बांध, सगळं एकाच पिवळट दगडाचं. राजधानी व्हॅलेटाच्या गल्ल्या इतक्या उभ्या आहेत की काहींना पायऱ्याच केल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या घरांना लाकडी बंद सज्जे, हिरवे, लाल, निळे. सुनंदा सज्जे बघत चालली होती आणि मी दारं. जवळपास प्रत्येक जुन्या दारावर पितळी हब्बाता (दार ठोठावायची कडी) होती. कुठे सिंहाचं तोंड, कुठे हात, कुठे शेपटी वर करून उलटा झालेला डॉल्फिन. धातूत जन्म गेलेल्या माणसाचा हात खिशात राहत नाही. एका दारावर टकटक करून मी पितळ भरीव आहे का ते पाहिलं आणि आतून खरोखरच एक बाई बाहेर आली. सुनंदाने माफी मागितली.

शनिवारी आम्ही दक्षिणेच्या कड्यावरची प्राचीन देवळं पाहिली. पिरॅमिडांच्याही आधीची आहेत म्हणतात. समुद्राकडे तोंड करून उभे असलेले अजस्र दगड आणि त्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून वर ताणलेलं पांढरं छत. तिथे कुणाची पूजा होई, कोणत्या शब्दांत होई, हे आता कुणालाच सांगता येत नाही. दगड राहिले आणि शब्द गेले. सुनंदाने घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आत्ता तिकडे अंगठ्या घालत असतील." मी तिच्या ओंजळीवर बाटलीतलं पाणी ओतलं, तिने तोंड धुतलं आणि आम्ही बसकडे चालू लागलो.

रविवारी सकाळी मार्साश्लोक या मच्छीमार गावात गेलो. बंदरात लुत्सू (मासेमारीच्या लाकडी होड्या) डोलत होत्या. निळा, पिवळा, लाल, हिरवा असे रंगांचे पट्टे आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना कोरून रंगवलेले डोळे. वाईट नजर लागू नये आणि होडीला घरची वाट दिसावी, म्हणून हे डोळे. धक्क्यावर रविवारचा बाजार भरला होता. ताजी मासळी, मध, सुकवलेले टोमॅटो, लेस. आम्ही फ्तीरा (गोल चपटा पाव) घेतला. त्यात टोमॅटो, ट्यूना, ऑलिव्ह आणि केपर (आंबट-खारट कळ्या) भरलेले होते. सुनंदा म्हणाली, हिरवी मिरची असती तर मजा आली असती. ते मात्र खरं होतं.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारा जुन्या कड्या मांडून बसला होता. झेप्पू त्याचं नाव. उन्हाने रापलेला चेहरा, जाड भुवया. एक डॉल्फिनची कडी मी हातात तोलली.

"हे जुनं नाही. ओतीव आहे, गेल्या वर्षीचं," मी म्हणालो.

"माझ्या आजोबांच्या दाराची आहे," तो म्हणाला.

"मग आजोबा फार तरुण असणार."

इथे इंग्रजी सगळ्यांना येतं, त्यामुळे भांडणाला अडचण नाही. मी वजनावर भाव केला, तो कारागिरी सांगू लागला. मी निघालो, त्याने हाक मारली. मी परत आलो, तर तो म्हणाला, "हाक तुम्हाला नव्हती, मागच्या बाईंना होती." मी चिडलो. माझा आवाज चढला तसा त्याचाही चढला. शेवटी सौदा झाला तेव्हा झेप्पूचा चेहरा उजळला होता.

"छान भांडता तुम्ही. दुपारी आमच्या गावात या. आम्ही पण भांडतो, पण गाऊन."

बाजार उठल्यावर त्याने आपल्या जुनाट गाडीतून आम्हाला शेजारच्या गावात नेलं. वाटेत सांगितलं: या गाण्याला आना म्हणतात आणि त्यातल्या सवाल-जवाबाच्या प्रकाराला स्पिर्तू प्रोन्त, म्हणजे हजरजबाबीपणा. पूर्वी बायका सार्वजनिक हौदावर कपडे धुताना गात. एकीने कडवं टाकायचं, पलीकडच्या कडेवरून दुसरीने उत्तर द्यायचं. त्याची आई तशी गायची. मला माझी आई आठवली. घरातलं जातं कधीच गेलं होतं, पण गहू निवडायला बसली की ओव्या म्हणायची. एका ओवीत माझं नाव घातलं की पुढच्या ओवीत न चुकता अविनाशचं घालायची.

गावचा बार साधा होता. भिंतीवर संताची तसबीर, खाली दारूच्या बाटल्या. तीन गिटारवाले बसले होते. झेप्पू भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. समोर कार्मनू नावाचा उंच, वाळलेला माणूस तसाच उभा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. विषय तिथल्या तिथे ठरला: गावाला कोण जगवतं, कोळी की शेतकरी? मग गिटार सुरू झाली आणि झेप्पूने मान मागे टाकून उंच, ताणलेल्या आवाजात पहिलं कडवं फेकलं. त्या गाण्यात गोडवा नव्हता. वाऱ्यात कुणीतरी लांबून हाक मारावी, तसा तो आवाज होता. शेजारचा एक गृहस्थ कुजबुजत मला अर्थ सांगत होता. माल्टीज भाषेत अरबी खूप मिसळलेली आहे. एका कडव्यात 'दिन्या' असा शब्द आला. अर्थ विचारला तर दुनियाच.

त्या गृहस्थाने आणखी एक गोष्ट सांगितली. या दोघांची एक होडी भागीदारीत होती. ती बुडाली आणि दोष कुणाचा यावरून त्यांचं फाटलं, ते आजही तसंच आहे. घरचं भांडण गाण्यात आणायचं नाही, हा इथला नियम. म्हणून झेप्पू कोळी आणि कार्मनू शेतकरी होऊन भांडतात. ऐकणाऱ्या सगळ्यांना आतलं माहीत असतं.

कार्मनूने एक कडवं असं टाकलं की समुद्राला नांगरता येत नाही आणि बुडालेल्याची समाधीही बांधता येत नाही. अर्थ कळताच माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "वा! क्या बात है!"

सगळा बार माझ्याकडे वळला. आपल्याकडे दाद दिली नाही तर गाणारा नाराज होतो. इथे गाणं चालू असताना आवाज करणं म्हणजे मोठा गुन्हा. कार्मनूची शेवटची ओळ राहिली होती. ती तुटली. त्याचे ओठ हलले, पण शब्द येईना. माझे कान तापले. आता झेप्पूने त्याच्यावर तुटून पडायचं, अशी माझी अपेक्षा होती. मी तेच केलं असतं. पण झेप्पूने गिटारवाल्याकडे पाहून नुसती हनुवटी हलवली. गिटारने तेच आवर्तन पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा. झेप्पू डोळे मिटून थांबला होता. तिसऱ्या आवर्तनाला कार्मनूला ओळ सापडली आणि झेप्पूने त्याहून जहरी उत्तर दिलं.

शेवटी कादेन्त्सा (समारोपाची लांब कडवी) झाली. त्यात कोण जिंकलं ते कुणीच म्हणत नाही. दोघांनी हात मिळवले आणि कार्मनू एकटाच बाहेर निघून गेला.

मी झेप्पूची माफी मागितली. मग विचारलं, "तुम्ही थांबलात का? तो पडला होता."

"तो गप्प झाला तर मी कुणाशी भांडू?" झेप्पू म्हणाला. "गप्प बसलं की भांडण संपतं, साहेब. जिंकत कुणीच नाही."

"मग आता तुमचं मिटलं?"

"छे! होडी त्यानेच बुडवली. पुढच्या रविवारी परत सांगेन त्याला." त्याने ग्लास ठेवला. "तुम्ही घरी कुणाशी भांडता?"

माझ्याआधी सुनंदाने उत्तर दिलं. "सगळ्यांशी. सप्लायरशी, कौन्सिलशी, पार्किंगवाल्याशी. फक्त स्वतःच्या भावाशी नाही."

झेप्पूने माझ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर मी सुनंदावर चिडलो नाही, याचं तिलाच जास्त आश्चर्य वाटलं.

लंडनला उतरलो तेव्हा बारीक भुरभुर होती. इल्फर्डला जाण्याऐवजी मी गाडी स्टॅनमोरकडे वळवली. सुनंदाने रस्ता ओळखला. अविनाशच्या दाराला कॅमेऱ्याची बेल आहे. बेल दाबली की माझा चेहरा आधी त्याच्या फोनवर जाणार. मी पिशवीतून पितळी डॉल्फिन काढला आणि त्याने दार वाजवलं.

दार पुतणीने, अनुजाने उघडलं. "काका! तुम्ही माझ्या साखरपुड्याला नाही आलात." इंग्रजी वळणाचं मराठी, पण वार बरोबर बसला.

मागून अविनाश आला. केस बरेच पिकले होते. "दादा?"

"भांडायला आलोय," मी म्हणालो. "बस समोर."

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि मी तीन वर्षांचं सगळं बोललो. आवाज चढला. सुनंदा अनुजाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. मध्येच अविनाश गप्प झाला, खाली बघत राहिला. माझ्याजवळ पुढची वाक्यं तयार होती. मी ती गिळली आणि थांबलो. किटली उकळून बंद झाली.

"उन्हाळा होता, दादा," तो अखेर म्हणाला. "शव ठेवायला शीतपेटी मिळत नव्हती. तुझा फोन बंद. अंगणात सगळे बसलेले, म्हणत होते किती वेळ ठेवणार? मी डॉक्टर आहे, मला तिच्या शरीराचं काय होतंय ते दिसत होतं. तुला तिला तसं बघू द्यायचं नव्हतं."

"ते मी ठरवायचं होतं," मी म्हणालो.

"आणि हे तू त्याच दिवशी विचारायचं होतंस."

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, त्याच्याकडेही होतं. ते पुष्कळ वेळ चाललं. मिटलं असं मी लिहिणार नाही. त्याने थांबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं आणि मरेपर्यंत वाटेल.

पण एवढ्या वर्षांच्या धंद्यात एक गोष्ट मी कधी चुकवली नाही. सौदा कितीही कडू होऊन तुटला, तरी गिऱ्हाईक दाराबाहेर पडताना मी 'परत या' म्हणतो. निघताना अविनाश पायरीवर उभा होता. पितळी कडी त्याच्या हातात होती. ती त्याच्या प्लॅस्टिकच्या दाराला बसणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हणालो. "रविवारी येतो. माझं अजून संपलेलं नाही."

"माझंही नाही," तो म्हणाला. "जेवायलाच या."