घेणारे आणि पिणारे

नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर एका वेळी दोन पेशंट आत घेत. गर्दी फार, म्हणून ही रीत. त्या दिवशी समोरच्या खुर्चीत हिमायतनगरकडचे एक बागायतदार बसले होते. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. शेजारी स्ट्रेचरवर माझा दादा. मोटारसायकल घसरून त्याची मांडी मोडली होती. मी त्याच्या उशाशी उभा.

डॉक्टरांनी आधी बागायतदारांना विचारलं, "मालक, कधी घेता का थोडी?"

"आता पाव्हण्यारावळ्यांत बसल्यावर होतीच की."

"होणारच. प्रमाणात असू द्या." दोघंही हसले.

मग डॉक्टर दादाकडे वळले. कुठं राहतोस, विचारलं. दादानं आमच्या नगराचं नाव सांगितलं. नांदेडमध्ये ते नाव सांगितलं की आडनाव सांगावं लागत नाही.

"तू किती पितोस?"

पितोस का, असं नाही. किती पितोस.

दादा त्या डॉक्टरांपेक्षा वयानं मोठा होता. मांडीतल्या कळेनं त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी तो कोपरावर थोडा उठला.

"थेंब बी न्हाई, साहेब. पंचशील घेतलंय आम्ही."

दाराशी कंपाउंडर होता. तो म्हणाला, "घेतलं तर समद्यांनीच हाय. राह्यलं किती जणांजवळ?"

बागायतदारांचं पोट सदऱ्याखाली हललं. डॉक्टर हसले नाहीत. ते फक्त "बरं" म्हणाले आणि कागदावर 'नाही' लिहिलं.

मला त्या उत्तराचा अभिमान वाटला. दादा पितो हे मला ठाऊक होतं. किती पितो, हे ठाऊक नव्हतं. मी लातूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. सणासुदीला घरी यायचो. पण त्या घडीला दादानं खरं सांगितलं असतं तर मलाच राग आला असता. त्या खोलीत आम्ही हरलो असतो, एवढंच मला दिसत होतं. दादानं आमची लाज राखली. तसंच वाटलं मला.

दादा मोटारी भरायचा. विहिरीवरच्या पाणबुडी मोटारी जळाल्या की शेतकरी त्याच्याकडे आणत. तो जळकी तार उकलून नवी तांब्याची तार गुंडाळी. केसासारखी तार, एकावर एक, कुठं गाठ नाही, कुठं ढिलाई नाही. लोक म्हणत, याचा हात बसलेला आहे. तो हात बसण्यासाठी सकाळी दुकान उघडायच्या आधी काय लागत होतं, ते फक्त वैनीला ठाऊक होतं. दर रविवारी विहारात दादा पुढं बसून वंदना सांगायचा. पाचव्या शीलाला, मद्यापासून अलिप्त राहण्याच्या त्या शब्दांना, त्याचा आवाज बारीक होत नसे. उलट चढायचा. आता मला त्या चढलेल्या आवाजाचा अर्थ कळतो.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घाम सुटला. पंखा चालू होता, चादर भिजली होती. बोटं थरथरत होती. नर्स म्हणाली, "भूल उतरताना होतं असं."

संध्याकाळी तो चादरीवरून काहीतरी झटकू लागला.

"काय झालं, दादा?"

"मुंग्या. केवढ्या मुंग्या करून ठेवल्या रे."

चादर स्वच्छ होती.

पुढच्या सकाळी त्यानं मला ओळखलं नाही. तो छताकडे बघत होता. दोन्ही हात वर धरले होते आणि हवेतली तार गुंडाळत होता. अंगठा आणि तर्जनी, मधे ताण धरलेला, डावा हात फिरतोय. इतक्या नीट, इतक्या मन लावून, की क्षणभर मला खरंच तार दिसली. मग तो ओरडला, तार तुटली म्हणून. पलंगावरून उतरायला निघाला, मोडलेल्या पायानिशी. दोन वॉर्डबॉय धावले. त्याचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले. बांधलेली बोटंही चालूच होती.

एक शिकाऊ डॉक्टर आला. मायला विचारलं, "पितो का हा?"

माय म्हणाली, "न्हाई हो. माझं लेकरू तसलं न्हाई."

ती खोटं बोलली नाही. ती दादाच्या शब्दाला धरून बोलली. एकानं घराच्या इभ्रतीसाठी एक शब्द दिला की बाकीच्यांनी तो राखायचा, ही आमची रीत. बाहेरच्यांच्या तोंडात आमच्याबद्दल इतकं काही आधीच असतं की त्यात आपल्या हातानं भर घालायची नाही.

वैनी भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं झाली. मायनं तिच्या दंडाला घट्ट धरलं. वैनीनं हात सोडवून घेतला आणि नर्सजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, ते रोज पितात. सकाळी बी लागती त्यांना. म्या थोडी आणून देऊ का? हात बसतील त्यांचे."

मोठे डॉक्टर आले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मी पाहिली. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "आधी का बोलला नाहीत? तुम्ही लोक खोटं बोलता आणि मग आमच्या नावानं ओरडता. रोज पिणाऱ्याची एकदम बंद झाली तर काय होतं माहिती आहे? आम्ही आधीच औषध दिलं असतं."

इंजेक्शनं सुरू झाली. ताप चढत गेला. दुपारी दादाची बोटं थांबली.

दादा खोटं बोलला, हे खरं आहे. मी ते कुठंही नाकारणार नाही. पण त्याला जे विचारलं गेलं, तो प्रश्न नव्हता. तो निकाल होता, त्यावर फक्त अंगठा उठवायचा बाकी होता. समोरच्याला 'घेता का' म्हणून विचारलं, त्यानं खरं सांगितलं. खरं सांगणं त्याला परवडत होतं. त्याच्या दारूचं काहीही बिघडलं नाही. ती पाहुण्यारावळ्यांतली झाली. दादाची दारू मात्र साऱ्या वस्तीची झाली असती, आडनावाची झाली असती, मायच्या कुशीची झाली असती. म्हणून तो नाही म्हणाला.

मी लातूरला परत आलो. आणि मी काय केलं? संध्याकाळी खोलीची कडी लावायचो. काचेचा ग्लास, शेजारी पुस्तक. चार पानं वाचायचो. मी पीत नव्हतो. मी घेत होतो. शिकलेला माणूस घेतो, अशी माझी समजूत. दादा गेल्यावर पुस्तकाची पानं उलटेनात, ग्लास मात्र भरत गेला. मग एके दिवशी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारताना शिक्का वाकडा पडला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. तसाच खोलीवर गेलो, भर सकाळी ग्लास भरला, आणि बोटं थांबली.

मला कळलं. पण मी कुणाला बोललो नाही.

मग हर्निया निघाला. लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी तपासायला आले. तरुण, हसतमुख. माझा चष्मा पाहिला, उशाशी पुस्तक पाहिलं.

"बसून राहा ना सर, उठू नका. ग्रंथपाल आहात म्हणे? छान." बीपी, शुगर, जुने आजार, सगळं विचारलं. मग म्हणाले, "दारू-बिरू तुमचं काही नसेलच, सर. नाही लिहितो."

पेन कागदाला टेकलं होतं.

मला काहीच बोलावं लागणार नव्हतं. खोटंसुद्धा नाही. फक्त गप्प राहायचं होतं, ते लिहून मोकळे झाले असते. दादाला अपमानानं गप्प केलं होतं. मला मान देऊन गप्प करत होते. त्या 'सर'ची गोडी किती आहे, ते मला त्या क्षणी कळलं. ती सोडवत नव्हती.

"लिहू नका," मी म्हणालो. "मी पितो."

"म्हणजे कधीतरी घेता."

"घेत नाही. पितो. रोज. संध्याकाळी अर्धी बाटली जाते. सकाळी थोडी लागते, नाहीतर हात कापतात. आज सकाळीही पिऊन आलोय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. फाईल पुन्हा पहिल्या पानावर नेली. तिथं माझं आडनाव होतं. ते त्यांनी आता वाचलं.

"वाटलं नव्हतं. इतका शिकून तू पण..."

"तुम्ही."

"काय?"

"मघाशी तुम्ही मला तुम्ही म्हणत होतात. तेच म्हणा. दारूनं माझं यकृत गेलं असेल, माझा मान गेलेला नाही. आता पुढचं विचारा. शेवटची कधी प्यायलो, कधीपासून पितो, घरात कुणाला असं झालं होतं का. माझा भाऊ हे कुणी नीट विचारलं नाही म्हणून गेला."

ते खुर्ची ओढून बसले आणि विचारलं. सगळं विचारलं. तुम्ही म्हणून. मी सगळं सांगितलं.

ऑपरेशन पुढं ढकललं. आधी दारू उतरवायची, औषधाखाली, सावकाश. घरी एकदम सोडली असती तर जिवावर बेतलं असतं, म्हणाले. आता मी त्याच दवाखान्यात आहे. हे सावकाश लिहितो आहे, कारण अक्षर जागेवर राहत नाही. चादर भिजते. काल भिंत थोडी हलली. मी नर्सला लगेच सांगितलं की भिंत हलते आहे. तिनं डोस वाढवला. धोका टळलेला नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. मीच त्यांना स्पष्ट सांगा म्हटलं होतं.

मायचा फोन आला. "लेकरा, कोनाला सांगू नको. हर्नियाचंच हाय म्हन. ते लोक म्हनतील, बघा, हे असेच. विहारात तोंड कसं दावू म्या?"

माय खरं बोलते. ते म्हणतीलच.

"माय, मी सांगणार आहे. विहारातच सांगणार आहे. माझं आणि दादाचं."

तिनं फोन ठेवला.

वैनी मुखेडच्या माहेराहून आली आहे, माझ्याजवळ बसायला. ती म्हणाली, "त्यांचं तुम्ही नगा सांगू, भाऊजी. ते म्या सांगन. मी बायको हाय त्यांची."

मी वाचलो, तर येत्या पौर्णिमेला विहारात उभा राहून बोलेन, की आपल्यातल्या प्रत्येकानं डॉक्टरला खरं सांगायचं, आणि डॉक्टरनं नीट विचारेपर्यंत तिथून हलायचं नाही. नाही वाचलो, तर वैनी बोलेल. आमच्या घरातून आता गप्प कुणी मरणार नाही.