मल्लाप्पाच्या गुळण्या

यशवंतपूरच्या एका छोट्या कारखान्यात लेथ चालवणारा मल्लाप्पा मूळचा निपाणीकडचा, म्हणजे तंबाखू त्याच्या हाडीमाशी मुरलेली. बायको अंबूबाई रोज सकाळी दातांना मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती पूड घासल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. मग तिच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला, आणि दातांच्या डॉक्टरांनी बजावलं की आता चिमूटभरही नको, नाहीतर पुढचं दुखणं फार वाईट. तिला एकटीला जमेना. म्हणून मल्लाप्पानंही देवापुढं हात जोडले आणि दोघांनी मिळून तंबाखू सोडली.

पुढं मल्लाप्पाच्या हिरड्या सुजल्या. त्याच डॉक्टरांनी दात साफ केले, चूळ भरायला गुलाबी औषध दिलं आणि आठ दिवसांनी ते बंद करायला सांगितलं. पण आमच्या मल्लाप्पाचं डोकं वेगळंच चालायचं. आठ दिवसांत एवढा आराम, तर चार महिन्यांत जन्माची घाण निघून जाईल! ब्रशचा त्याला मुळातच कंटाळा. तो तीन वेळा नुसत्या गुळण्या करत राहिला. दात आधी पिवळे पडले, मग तपकिरी झाले, अगदी तंबाखू खाणाऱ्यासारखे.

अंबूबाईनं ते पाहिलं. ती भांडली असती तरी परवडलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "परत सुरू केलासा न्हवं?"

त्यानं लेकीची शपथ घेतली, पाया पडायचा तेवढा राहिला. तोंडाचा वास घेऊन बघ म्हणाला, तर तिनं मान फिरवली.

"वास मारायसाठीच तर गुळण्या करतासा."

आपण देवापुढचा शब्द मोडला असं तिला वाटलं तर ती कशाच्या जिवावर तग धरणार? आणि तिनं परत मिश्री लावली तर तो चट्टा थोडाच थांबणार होता? घाबरून वेड्यानं गुळण्या आणखी वाढवल्या, आणि दात आणखी काळवंडले.

शेवटी तो रडकुंडीला येऊन डॉक्टरांकडं गेला. ते हसले. हे औषधाचेच डाग, म्हणाले; ते जास्त दिवस वापरलं की असं होतं, आणि नुसत्या चुळांनी दात स्वच्छ राहत नाहीत, आधी ब्रश हवाच. त्यांनी डाग खरवडून काढले. मल्लाप्पानं हट्ट धरून हे सगळं त्यांना मोबाइलमध्ये बोलायला लावलं, अंबूबाईला अक्का म्हणून, कानडीत, अगदी सावकाश. मग तो जवळजवळ धावतच घरी आला.

अंबूबाई मोरीपाशी बसली होती. बोट तोंडात, ओठ काळे. मल्लाप्पानं मोबाइलमधलं डॉक्टरांचं बोलणं लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, थुंकली, पाण्यानं तोंड धुतलं.

"तुमी खरं बोलत हुतासा," ती म्हणाली.

तो तिच्याजवळ खाली बसला. तिनं त्याच्या पांढऱ्या दातांकडं बराच वेळ पाहिलं.

"पर मी तवाच मिश्री सुरू केली. आता मला सुटंना."